एकच हशा

इंग्रजीत ‘अपरोअरियसली’ असे एक क्रियाविशेषण आहे. हसणे इतके अनावर व्हावे की त्याचा गलका उठावा, हा त्याचा अर्थ, आणि त्याचा वापर दोन दिशांनी होतो : प्रेक्षक त्या रीतीने हसले असे म्हणता येते आणि एखादे नाटक त्या रीतीने विनोदी आहे असेही म्हणता येते. पहिल्या वापरात शब्द हसणाऱ्यांविषयी बोलतो, दुसऱ्यात तो हसवणाऱ्या कृतीचा गुण होतो, म्हणजे सभागृहात उठलेला आवाज हेच कृतीच्या विनोदाचे माप ठरते. हे क्रियाविशेषण ज्या ‘अपरोअर’ या शब्दापासून बनले, त्याचे मूळ डच भाषेतल्या बंड, खळबळ अशा अर्थाच्या शब्दात आहे. सोळाव्या शतकात बायबलच्या भाषांतरांतून तो इंग्रजीत आला तेव्हा त्याच्यात हास्याचा लवलेश नव्हता, आणि डरकाळी या अर्थाच्या ‘रोअर’शी त्याचे नाते पुढे केवळ ध्वनिसाम्यामुळे लोकांनी जोडले. उठाव, मग कोलाहल, मग हास्याचा कोलाहल असा हा अर्थाचा प्रवास आहे.

मराठीत अशा हसण्याला शब्दांची ददात नाही. खदाखदा, खो खो ही ध्वन्यनुकारी क्रियाविशेषणे आहेत, सातमजली आणि गडगडाटी ही विशेषणे आहेत, मुरकुंडी वळणे आणि हसता हसता पुरेवाट होणे हे वाक्प्रचार आहेत. पण ही सारी शब्दसंपत्ती बहुतांशी एका माणसाच्या देहाचे वर्णन करते. सभेच्या आणि नाटकाच्या वृत्तांतात मात्र ‘एकच हशा पिकला’ असे निराळे वाक्य भेटते. तिथे हसणारी माणसे शेकडो असतात आणि हशा एक असतो. मोठ्याने हसणे म्हणजे स्मिताचीच वाढलेली मात्रा, की समूहात उत्पन्न होणारी एक स्वतंत्र वस्तू, हा प्रश्न त्या ‘एकच’मध्ये दडलेला आहे, आणि त्याच्या उत्तरावर अशा हसण्याची प्रतिष्ठा अवलंबून आहे. या प्रश्नाचा शोध घेण्यासाठी चेन्नईइतके सोयीचे शहर भारतात क्वचितच सापडेल, कारण हास्याविषयीचे दोन प्राचीन विचार, एक संस्कृत आणि एक तमिळ, तिथे शेजारी नांदले आहेत, आणि केवळ हसवण्यासाठी लिहिलेल्या नाटकांना तिथल्या सुशिक्षित मध्यमवर्गाने काही दशके अखंड आश्रय दिला आहे.

संस्कृत विचाराची सुरुवात भरताच्या नाट्यशास्त्रापासून करावी लागते. त्याच्या सहाव्या अध्यायात हास्यरसाचे सहा प्रकार सांगितले आहेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. दात न दाखवता गालांवर उमटणारे ते स्मित. डोळ्यांत पाणी आणणारे, कर्कश, उद्धट आणि दोन्ही हातांनी कुशी दाबायला लावणारे ते अतिहसित. वर्णन इतके नेमके आहे की आजचा शरीरशास्त्रज्ञही त्यात फारशी दुरुस्ती करणार नाही. मात्र भरत वर्णनावर थांबत नाही. तो या सहांच्या जोड्या लावून पहिली जोडी उत्तम प्रकृतीच्या माणसांना, दुसरी मध्यमांना आणि तिसरी अधमांना देतो, आणि हा रस स्त्रिया व नीच प्रकृतीच्या व्यक्तींत अधिक आढळतो असेही म्हणतो. आवाज चढत जातो तशी माणसाची पायरी उतरत जाते, असा हा हिशेब आहे. रंगभूमीवर राजाने कसे हसावे आणि चेटाने कसे हसावे हे नटाला सांगण्यापुरता तो उपयोगी असेल, पण पुढे तो रंगभूमी ओलांडून समाजात शिरला.

हा हिशेब एकट्या भारताचा नाही. इंग्लंडमधील लॉर्ड चेस्टरफील्ड याने १७४८ मध्ये आपल्या मुलाला लिहिलेल्या पत्रात मोठ्याने हसणे हे मूर्खपणाचे आणि असभ्यतेचे लक्षण ठरवले आणि समज आल्यापासून आपल्याला कोणी हसताना ऐकलेले नाही असे अभिमानाने नमूद केले. समर्थ रामदासांनी दासबोधात मूर्खाची लक्षणे मोजताना कारणाविना हसणे हेही एक लक्षण धरले. तिथे आक्षेप आवाजावर नसून कारण नसण्यावर आहे, हा फरक महत्त्वाचा आहे, तरी पुढच्या पिढ्यांच्या शिस्तीत तो पुष्कळदा पुसला गेला आणि घरातल्या मुलींना तर ‘दात काढू नका’ एवढेच ऐकायला मिळाले. देवांना मात्र या नियमातून सूट होती. शिवाचा अट्टहास त्रैलोक्य हादरवतो, आणि कालिदासाने मेघदूतात कैलासाच्या शुभ्र शिखरांना त्र्यंबकाच्या साठत गेलेल्या अट्टहासाची उपमा दिली आहे. मराठीत त्याच अट्टहासाचा अर्थ हट्टाचा आग्रह असा झाला आणि त्यातले हसणे साफ नाहीसे झाले.

तमिळमधील सर्वांत प्राचीन उपलब्ध व्याकरणग्रंथ तोल्काप्पियम याच विषयाकडे वेगळ्या बाजूने पाहतो. त्याच्या काव्यविचाराच्या भागात आठ ‘मेय्प्पाडु’ सांगितले आहेत. ‘मेय्’ म्हणजे देह, आणि मेय्प्पाडु म्हणजे देहावर उमटून दिसणारा भाव. या आठांत पहिले स्थान ‘नगै’ला, म्हणजे हसण्याला दिलेले आहे, तर भरताच्या यादीत पहिला मान शृंगाराचा असून हास्य त्याच्यापासून निघते. त्याहून मोलाची गोष्ट अशी की तोल्काप्पियम हसण्याचे चार प्रकार कोण हसतो यावरून पाडत नाही, हसू कशातून येते यावरून पाडते : कुचेष्टा, पोरपण, अडाणीपणा आणि भाबडेपणा. स्वतःच्या पोरपणावरही माणूस हसू शकतो आणि दुसऱ्याच्या भाबडेपणावरही; राजा कसा हसेल आणि सेवक कसा हसेल ही विभागणी त्या सूत्रात नाही. जुन्या भाष्यकारांनी मंद, बेताचे आणि भरभरून असे हसण्याचे तीन टप्पे सांगितले खरे, पण ते टप्पे पायऱ्या आहेत, जाती नाहीत. हास्याचा विचार करणाऱ्याने भरताच्या शेजारी तोल्काप्पियम ठेवून वाचले पाहिजे. मराठीतील साहित्यशास्त्राच्या पुस्तकांत हे फारसे घडलेले नाही, आणि ती खरी उणीव आहे.

भरताच्या हिशेबाला पहिला मोठा धक्का याच प्रदेशातल्या एका राजाने दिला, आणि तोही संस्कृतातूनच. कांचीपुरमच्या पल्लव घराण्यातील पहिल्या महेंद्रवर्म्याने सातव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मत्तविलास’ नावाचे प्रहसन लिहिले. प्रहसन म्हणजे हास्यरसप्रधान, बहुधा एकांकी रूपक. सत्यसोम नावाचा कापालिक आणि त्याची जोडीदारीण देवसोमा मद्यधुंद अवस्थेत कांचीच्या रस्त्यांवरून फिरत आहेत, त्याचे भिक्षापात्र असलेली कवटी हरवली आहे, आणि ती नागसेन नावाच्या बौद्ध भिक्षूने चोरली असा त्याचा आरोप आहे, कारण भिक्षू आपले पात्र चीवराखाली लपवून चालला आहे. भांडण मिटवायला एक पाशुपत येतो आणि ते अधिकच चिघळवतो. न्यायालयात जावे तर बौद्धांकडे लाच द्यायला विहारांची संपत्ती आहे, असे राजानेच निर्मिलेली पात्रे बोलतात. शेवटी एका वेड्याच्या हातात कवटी सापडते, जी त्याने कुत्र्याकडून हिसकावलेली असते, आणि कुत्र्याने ती नेली होती आतल्या मांसासाठी. या नाटकात स्मिताला जागा फार थोडी आहे. ते सारेच ओरडण्याचे, लडखडण्याचे, ओढाताणीचे नाटक आहे, आणि ‘मत्तविलास’ हे त्याच्या लेखकाचे स्वतःचे बिरुद होते. चेन्नईचे आजचे उपनगर असलेल्या पल्लावरम येथील गुहामंदिरात या राजाची बिरुदे दगडात कोरलेली आहेत. उत्तम प्रकृतीच्या पुरुषाने गालात हसावे असे शास्त्र सांगत असताना एका सार्वभौम राजाने भर सभेत पोट धरायला लावणारी कृती लिहिली आणि तिचे नाव स्वतःला लावून घेतले, यात शास्त्राचा अनादर नसला तरी शास्त्राच्या मर्यादेची जाणीव नक्कीच आहे. ज्या मैलापूर भागात पुढे चेन्नईची हास्यनाटके बहरली त्याचे ग्रामदैवत कपालीश्वर, हातात कपाल धरणारा शिव, हा योगायोगच. पण अभ्यासकाला सुखावणारा योगायोग आहे.

तंजावरच्या मराठ्यांनी याच धाग्यात आपला पीळ भरला. १६८४ ते १७१२ या काळात राज्य केलेल्या शहाजीराजांनी मराठी, तेलुगू, तमिळ, संस्कृत आणि हिंदी अशा पाच भाषा एकत्र आणणारे ‘पंचभाषाविलास’ हे नाटक रचले, आणि ‘सतीदानशूरमु’ या तेलुगू प्रहसनात मोरोभट्लु नावाचा एक ब्राह्मण रंगवला, जो उत्सवाच्या गर्दीत एका अंत्यज स्त्रीवर भाळतो आणि विद्वत्तेचा, सोवळ्याचा आणि लाजेचा सगळा डोलारा आपल्या हातांनी पाडतो. नावातला मोरोभट कोणत्या मुलखातून तिथे पोचला असेल हे मराठी वाचकाला सांगायला नको. मराठी राजा, तेलुगू भाषा, तमिळ भूमी आणि हसण्याचा विषय मराठी वळणाचा ब्राह्मण : राजाने आपल्याच माणसांना सभेसमोर उभे करून सगळ्यांना एका आवाजात हसण्याची मुभा दिली, हे त्या प्रहसनाचे मोठेपण आहे. तंजावरहूनच मराठी कीर्तनाची पद्धत एकोणिसाव्या शतकात तंजावर कृष्ण भागवतरांसारख्यांच्या हाती तमिळ हरिकथेत उतरली आणि मद्रासच्या श्रोत्यांसमोर आली. रडवता रडवता मधूनच हसवून श्रोत्यांना सावध करण्याची कीर्तनकाराची रीतही तिच्याबरोबर आली.

मद्रासमध्ये आधुनिक हौशी रंगभूमीचा पाया १८९१ मध्ये स्थापन झालेल्या सुगुण विलास सभेने घातला. तिचे प्रमुख नाटककार पम्मल संबंध मुदलियार हे वकील होते आणि पुढे न्यायाधीश झाले. त्यांच्या ‘सभापती’ या प्रहसनात मंदबुद्धी जमीनदार आणि तितकाच मंदबुद्धी नोकर या दोघांचेही नाव सभापतीच आहे, आणि १९४१ मध्ये त्यावर निघालेला चित्रपट तमिळ विनोदपटांचा आद्य आदर्श मानला जातो. मालक आणि चाकर यांची बुद्धी एका मापाची आणि नावही एकच असल्यामुळे वरचा कोण आणि खालचा कोण ही विभागणीच तिथे हास्यास्पद होते. पुढे न्यायाधीश झालेल्या माणसाने हे लिहावे, आणि नाटकात काम करणे हे प्रतिष्ठित माणसाला न शोभणारे मानले जात असताना वकिलांनी आणि सरकारी नोकरांनी ते रंगवावे, यातून मद्रासच्या सभ्य समाजाने मोठ्याने हसण्याचा परवाना स्वतःच स्वतःला दिला.

चेन्नईत ‘सभा’ हा शब्द एका विशिष्ट संस्थेसाठी वापरला जातो हे इथे सांगितले पाहिजे. वार्षिक वर्गणी भरणारे सभासद, त्यांच्यासाठी महिन्यातून काही संध्याकाळी गायन, नृत्य, हरिकथा किंवा नाटक, आणि डिसेंबरात संगीताचा हंगाम, असे तिचे स्वरूप असते. मैलापूर, त्यागरायनगर, ट्रिप्लिकेन या भागांत अशा सभा विसाव्या शतकात वाढल्या. वाय. जी. पार्थसारथी यांनी १९५२ मध्ये सुरू केलेली युनायटेड अमॅच्युअर आर्टिस्ट्स, १९५४ मध्ये उभी राहिलेली आणि चो रामस्वामींच्या नाटकांनी गाजलेली विवेका फाइन आर्ट्स, पुढे एस. व्ही. शेखर यांची नाटकप्रिया या नाट्यसंस्थांनी या सभासदांसमोर प्रयोग केले. सभागृह तेच, खुर्च्या त्याच, माणसेही बहुधा तीच. कालच्या मैफलीत जी बोटांवर ताल मोजत आणि समेवर ‘शाबाश’ म्हणत बसली होती, तीच आज खुर्चीत मागे रेलून खदखदत आहेत. एकच माणूस एका संध्याकाळी उत्तम प्रकृतीचा आणि दुसऱ्या संध्याकाळी अधम प्रकृतीचा होतो असे म्हणायचे नसेल, तर अतिहसिताची जागा माणसाच्या प्रकृतीत शोधणे सोडून द्यावे लागते.

ती जागा कुठे आहे हे पाहण्यासाठी क्रेझी मोहन यांची नाटके उत्तम साधन आहेत. १९५२ मध्ये जन्मलेले मोहन गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून यंत्र अभियंता झाले. शेखर यांच्या संस्थेसाठी लिहिलेल्या ‘क्रेझी थीव्ज इन पालवाक्कम’ या नाटकाने त्यांना ते टोपणनाव दिले, आणि १९७९ मध्ये त्यांनी क्रेझी क्रिएशन्स ही स्वतःची संस्था काढली. त्यांच्या ‘मॅरेज मेड इन सलून’वरून के. बालचंदर यांनी १९८३ मध्ये ‘पोय्क्काल कुदिरै’ हा चित्रपट केला; कमल हासन यांच्यासाठी त्यांनी ‘मायकेल मदन कामराजन’सारख्या चित्रपटांचे संवाद लिहिले. नाटकांचा नायक पुनःपुन्हा माधू, नायिका बहुधा जानकी, आणि कथानक जवळजवळ नेहमी एका खोटेपणातून दुसऱ्या खोटेपणात अडकत जाणारे. ही नावे आणि ही गुंतागुंत प्रेक्षकाला आधीच पाठ असते, त्यामुळे कथा समजून घेण्यात त्याची शक्ती खर्च होत नाही आणि कान पूर्णपणे शब्दांकडे लागलेले असतात. शब्द मात्र भयंकर वेगाने येतात. एका पात्राने उच्चारलेला शब्द दुसरे पात्र भलत्याच अर्थाने उचलते, तिसरे त्याला इंग्रजी समजून उत्तर देते, आणि पहिला हशा ओसरण्याआधी दुसरा विनोद येऊन आदळतो.

या वेगातून एक विलक्षण गोष्ट घडते. पुढचे वाक्य ऐकू यावे म्हणून प्रेक्षक आपले हसू दाबतो, शेजाऱ्याला ते दाबता येत नाही, आणि शेजाऱ्याच्या फुटलेल्या हसण्याने याचा बांध फुटतो. आता तो विनोदाला हसत नसून हसण्याला हसत असतो. रंगमंचावरील नटाला त्या क्षणी दोन वाटा असतात. थांबावे तर लय मोडते, पुढे जावे तर वाक्य गोंगाटात बुडते. म्हणून लेखकाला मोठ्या विनोदानंतर बुडाले तरी चालेल असे एखादे वाक्य ठेवावे लागते, आणि नटाला हशाचा आवाज नुसता सहन न करता त्याची चढण आणि उतरण ओळखून तो पूर्ण ओसरण्याच्या किंचित आधी तोंड उघडावे लागते. हे कसब तालमीत पूर्ण शिकता येत नाही, कारण तालमीत हशा नसतो. म्हणजे नाटकाचा एक अवयव प्रेक्षकांकडून येतो आणि प्रयोगाच्या रात्रीच तो बसवावा लागतो. मराठी रंगभूमीला हे अपरिचित नाही. आचार्य अत्र्यांच्या ‘साष्टांग नमस्कार’पासून वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’पर्यंत नटांनी हशाशी असाच संवाद साधला आहे, आणि तमाशातला सोंगाड्या तर त्याच्यावरच जगतो.

आधुनिक विचारवंतांपैकी आंरी बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या हास्यावरील पुस्तकात हसण्याला प्रतिध्वनी लागतो, ते नेहमी एखाद्या गटाचे हसणे असते, असे प्रतिपादन केले. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने लोकांच्या रोजच्या बोलण्याची निरीक्षणे केली तेव्हा असे दिसले की माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या सुमारे तीसपट चारचौघांत हसतो, आणि बहुतेक हसणे विनोदानंतर येत नसून अगदी साध्या वाक्यांनंतर येते. रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रकाशित झालेल्या संशोधनात दाखवले की एकत्र मनमुराद हसलेल्यांची वेदना सोसण्याची मर्यादा काही काळ वाढते. सलग उच्छ्वास सोडत राहण्याने स्नायूंना होणारे श्रम आणि त्यामुळे मेंदूत स्रवणारी वेदनाशामक द्रव्ये यांच्याशी ते याचा संबंध जोडतात. कुशीवर दाबलेले हात भरताने पाहिले होते; ते का दाबले जातात याचे हे उत्तर आहे.

परंतु या साऱ्यांच्या कितीतरी आधी, दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधिकाळात, काश्मीरच्या अभिनवगुप्ताने भरताच्याच श्लोकांवर भाष्य करताना ही गोष्ट जवळजवळ पूर्णपणे पाहिली होती. त्याच्या ‘अभिनवभारती’ टीकेत हास्याच्या सहा प्रकारांचा अर्थ वेगळा लागतो : मूळ प्रकार तीनच, स्मित, विहसित आणि अपहसित, आणि उरलेले तीन म्हणजे हेच प्रकार एकाकडून दुसऱ्याकडे संक्रांत झाले की त्यांना येणारे रूप. स्मित दुसऱ्यात उतरले की हसित होते, अपहसित उतरले की अतिहसित. आंबट डाळिंब कोणी खाताना पाहिले की पाहणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटते, तसे हास्य संक्रमणशील आहे, असे तो म्हणतो. हे वाचल्यावर भरताची जिन्यासारखी दिसणारी रचना पार बदलते. सर्वांत मोठे हसणे सर्वांत खालच्या माणसाचे, हे विधान मागे पडते, आणि अतिहसित म्हणजे दुसऱ्याकडून आलेले हसणे, हा अर्थ पुढे येतो. ‘एकच हशा’तले ‘एकच’ शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर ते असे सांगता येते. ही टीका शतकानुशतके लुप्तप्राय होती. मलबारातील हस्तलिखितांवरून तिचे संपादन करणारे मानवल्ली रामकृष्ण कवी मद्रासच्या शासकीय प्राच्य हस्तलिखित ग्रंथालयाशी संबंधित होते, आणि ती प्रसिद्ध झाली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत, १९२६ पासून. हास्याविषयीचा भारतीय विचार पुन्हा हाती येण्यात मद्रासचे कष्ट आणि एका मराठी संस्थानाचा आश्रय असे दोन्ही आहेत, याचे मोल मराठी अभ्यासकाने विसरू नये.

हसणे समूहाचे आहे असे ठरले की समूहाबाहेर कोण राहिले हे विचारणे भाग पडते. बर्गसाँनेच एक गोष्ट दिली आहे : प्रवचन ऐकून सारे रडत असताना एक माणूस कोरडा का, असे विचारल्यावर त्याने आपण या पॅरिशचे नाही असे उत्तर दिले. चेन्नईच्या सभांची पॅरिश बरीच अरुंद होती. सभासदांत ब्राह्मण मध्यमवर्गाचे प्रमाण मोठे, नाटकांची बोलीही त्याच घरांतली, आणि विनोदाचे विषय कार्यालय, भाड्याचे घर, लग्नाची बोलणी, सासू आणि स्वयंपाकी. जी बोली सभागृहाला जवळची म्हणून हशा भडकावते, तीच बाहेरच्याला परकी वाटते. आणि नोकर, मोलकरीण किंवा तोतरा माणूस केवळ नोकर, मोलकरीण किंवा तोतरा असल्यामुळे जिथे हशा उठतो, तिथे तोल्काप्पियमने पहिल्यांदा नोंदलेली कुचेष्टाच उरते, ती कितीही मोठ्या आवाजात हसली गेली तरी. गलका हा हास्याच्या न्याय्यतेचा पुरावा नसतो, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. या अरुंदपणाशी तुलना करण्याजोगे उदाहरण एन. एस. कृष्णन यांचे आहे. १९०८ मध्ये जन्मलेल्या आणि ‘कलैवाणर’ या पदवीने ओळखल्या जाणाऱ्या या नटाने टी. ए. मधुरम यांच्यासह चित्रपटांतून जातीच्या आणि सोवळ्याच्या ढोंगावर विनोद केला, आणि त्याचा प्रेक्षक फिरत्या तंबूत जमिनीवर बसणाराही होता. १९५६ च्या ‘राजा राणी’ चित्रपटातल्या त्यांच्या गाण्यात हसण्याचे नाना प्रकार प्रत्यक्ष हसून दाखवलेले आहेत. भरताचा सहावा अध्यायच जणू रस्त्यावर आला आहे, मात्र त्यातून उत्तम, मध्यम आणि अधम हे शब्द गळून पडले आहेत. चेन्नईतील कलैवाणर अरंगम हे सभागृह त्यांच्या नावाने उभे आहे.

चो रामस्वामींचे १९६८ मधील ‘मुहम्मद बिन तुघलक’ हे याहून निराळे. चौदाव्या शतकातला सुलतान इब्न बतूतासह आधुनिक भारतात अवतरतो, निवडणूक लढवतो आणि पंतप्रधान होतो, अशा कल्पनेवर उभे असलेले हे नाटक सत्तेवरच्या साऱ्यांना एका दमात चिमटे काढते, आणि सभागृहातल्या हशाला त्यात निषेधाचा सूर मिळतो. बंड असा मूळ अर्थ असलेला तो इंग्रजी शब्द इथे आपल्या उगमाजवळ जातो; मात्र अंधारात एकत्र हसलेले लोक दिवे लागल्यावर घरी जातात, हेही खरे, आणि हशाला उठाव समजण्याची चूक करू नये.

विनोद एका समूहातून दुसऱ्यात नेता येतो का, याचे उदाहरण मराठी वाचकाच्या अगदी जवळचे आहे. १९९६ च्या ‘अव्वै षण्मुगी’त, ज्याचे संवाद क्रेझी मोहन यांचे आहेत, कमल हासन आपल्या मुलीजवळ राहता यावे म्हणून नऊवारी मडिसार नेसलेल्या प्रौढ ब्राह्मण बाईचे रूप घेतात; चित्रपटाचे शीर्षक रंगभूमीवर अव्वैची भूमिका गाजवणाऱ्या टी. के. षण्मुगम यांना वाहिलेले आहे. पुढच्याच वर्षी हिंदीत ‘चाची ४२०’ आला तेव्हा ती बाई लक्ष्मी गोडबोले झाली, मडिसाराची मराठी नऊवारी झाली, आणि संवाद गुलजार यांनी नव्याने लिहिले. मोहन यांच्या शब्दकोट्यांतली क्वचितच एखादी पलीकडे पोचली असेल. पोचले ते लुगडे, चाल, खोटे उघडे पडण्याची भीती, आणि हिंदी प्रेक्षकांच्या सभागृहात उठलेला हशा. देहाचा विनोद सीमा ओलांडतो, शब्दाचा विनोद त्याच मातीत पुन्हा पेरावा लागतो. मेय्प्पाडु हा शब्द देहापासून घडवणाऱ्यांना हे कदाचित ठाऊक होते.

दूरचित्रवाणीने सभांचा प्रेक्षक घरी बसवला आणि त्याच्या एकटेपणावर उतारा म्हणून मालिकांत ध्वनिमुद्रित हशा घातला. ही युक्ती अमेरिकेत १९५० च्या दशकात रुळली. तिने हसण्याला समूह लागतो हे मान्य केले, पण समूहाऐवजी त्याचा केवळ आवाज पुरवला. त्या आवाजात कोणाचेही हसू दाबलेले नसते, म्हणून कोणाचा बांधही फुटत नाही.

मोहन यांचे १० जून २०१९ रोजी निधन झाले, आणि त्यानंतरही त्यांचे बंधू माधू बालाजी यांच्या पुढाकाराने त्यांची नाटके होत राहिली आहेत. शेकडो प्रयोग झालेल्या ‘चॉकलेट कृष्णा’सारख्या नाटकाला अनेकजण पुन्हा जातात, आणि त्यांना वाक्ये पाठ असतात. इमॅन्युएल कांटने १७९० मध्ये हसू म्हणजे ताणलेल्या अपेक्षेचे अकस्मात शून्यात विरणे असे सांगितले होते. इथे अकस्मात काहीच नसते, अपेक्षा विरत नाही तर पूर्ण होते, आणि तरीही हशा कमी होत नाही, उलट लवकर सुरू होतो. कोणते वाक्य येणार हे ठाऊक असलेला एखादा प्रेक्षक नटाने श्वास घेताच हसतो, त्याच्या हसण्यावरून ते वाक्य प्रथमच ऐकणाऱ्याला काहीतरी येत असल्याची चाहूल लागते आणि तोही हसू लागतो, आणि अखेर ते वाक्य उच्चारले जाते तेव्हा ते कोणालाच धड ऐकू येत नाही.